चहाचे डाग

दवाखान्यात न्यायला सासऱ्यांचे सदरे आणि रुमाल हवे होते, म्हणून सुनेने त्यांचं कपाट उघडलं. सदरे मिळाले, रुमाल एकही नाही. शोधता शोधता तिने गादी उचलली. सगळे रुमाल तिथे होते, नीट घड्या घातलेले. एक तेवढा चुरगळलेला, न धुतलेला. त्यावर रक्त होतं.

घडी घातलेला एक रुमाल मांडीवर घेऊन ती खाटेवर बसली.

डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. न्हाणीघराच्या फळीवर लिंबू, मीठ, सोडा, स्पिरिट अशी तिची फौज कायम सज्ज. नुसतं बघून ती सांगायची, ही शाई, हा गंज, हे तेल. सासऱ्यांच्या रुमालांवरचे तपकिरी डाग तेवढे कशालाच दाद देईनात, तेव्हाही निकाल तिनेच दिला होता.

"बाबा, अंथरुणात बसून चहा ढोसता आणि रुमालाला पुसता. आजपासून चहा बंद!"

"बरोबर आहे गं. हात थरथरतो हल्ली," ते म्हणाले होते.

चहा म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग डागाळलेले रुमाल धुण्यात येईनासे झाले. निदान अचूक ठरलं म्हणून ती शेजारणींत मिरवलीसुद्धा.

खाटेखाली विजेची किटली होती. गुळण्यांना गरम पाणी मिळावं म्हणून तिनेच आणून दिलेली. शेजारी बशीत साबणाची झिजलेली वडी.

रक्ताला गार पाणी लागतं. गरम पाणी पडलं की रक्त धाग्यात मुरतं, तपकिरी होतं आणि मग काही केल्या निघत नाही. त्यांनी विचारलं असतं, तर तिने लगेच सांगितलं असतं. पण तिलाच तर विचारायची चोरी होती.

फोन वाजला. दवाखान्यातून नवरा बोलत होता.

"अगं, डॉक्टर विचारतायत, खोकल्यातून रक्त कधीपासून पडतंय? बाबा म्हणतात, कालच पडलं. तुझ्या कधी काही लक्षात आलं होतं का?"

तिने मांडीवरच्या रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"बाबांचा चहा मी बंद केला ना," ती म्हणाली, "त्याच्या आधीपासून."