जड होडी

देवबागच्या खाडीतली होड्यांची शर्यत दाजी कधी हरला नव्हता. खांदा निकामी झाला आणि गावाने पोरसवद्या जगूला होडी मारायला शिकवायचं काम त्याच्या गळ्यात घातलं. जगूचा वल्ह्यावरचा हात बघून दाजीच्या पोटात दुखू लागलं. आपली तेल पाजलेली हलकी होडी त्याने माडाच्या झापांखाली दडवली आणि जगूला दिली पाणी पिऊन जड झालेली जुनी.

गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटल्यावरच्या पहिल्या नारळी पुनवेला, शर्यतीच्या दिवशी, गावाने हट्टाने जगूसाठी ती हलकी होडी बाहेर काढली. जगू वाऱ्यासारखा सुटला, पहिला आला आणि दाजीच्या पाया पडला.

"दाजीनू, तुमी माका जड होडी कित्याक दिलात, ता आज कळला!"

दुसऱ्या दिवशी दारात पोरांची रांग.

"दाजीनू, आमका पण जड होडयेतच शिकवा!"

दाजीने हलकी होडी पुन्हा झाकली.