बंदीतला ठिपका

मासेमारीबंदी सुरू होती. मच्छीमार नगरातल्या साऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. तरी ढगांआडून टिपलेल्या उपग्रहाच्या रडार-चित्रात, रिकाम्या समुद्रावर, होडीएवढा एक पांढरा ठिपका होताच.

कीर्ती वैतागली. समुद्रात गेलेल्या बाबांचे दिवस घालून चार महिने झाले, त्यांची होडीही भंगारात मोडून झाली. आई मात्र रोज त्यांचं ताट वाढून बसायची. रिकामा समुद्र दाखवून तिची समजूत काढावी, म्हणून तर कीर्ती ही चित्रं उतरवून घेत होती.

"तुझ्या बापानं बंदी कधी पाळली?" ठिपका बघून आई म्हणाली.

बारा दिवसांनी उपग्रह पुन्हा वरून गेला. ठिपका किनाऱ्याजवळ आला होता. तिने ऑफिसातल्या निमेशला फोन लावला.

"माझंच चित्र बिघडलंय का रे?"

"मलाही दिसतोय. ओपन डेटा आहे बाई, अख्ख्या जगाला दिसत असेल."

आज सकाळी नवं चित्र आलं. समुद्र कोरा. कीर्ती लॅपटॉप घेऊन दाराकडे धावली.

"आई, बघ! कुणी नाहीये!"

आईने उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली ठेवली होती. तिने डोक्यावर पदर घेतला.

"अहो," ती रिकाम्या बोळाकडे बघून म्हणाली, "पाय धुवून या."