लख्ख दिसणारा दादा

जर्मनीला नोकरीला गेलेला प्रशांतदादा दोन वर्षं आमच्या जुन्या लॅपटॉपवर नुसते ठिपके-ठिपके दिसायचा. म्हणून मी वेगवान वायफायचा डोंगल आणून बसवला. दादा लख्ख दिसला. फार वाळला होता. आणि त्याच्यामागच्या खिडकीतून 'नगर-शेवगाव' पाटीची लाल एसटी गेली.

"तिकडंबी एसटी हाय व्हय, दादा?"

नेट गेल्यावर माणूस थिजतो, तसा दादा तोंड उघडं ठेवून थिजला. त्याच्या नाकावरची माशी मात्र चालत होती.

आईनं हात घालून डोंगल उपटला. थोड्या वेळानं जुन्या नेटवर ठिपके परत आले.

"हां, आता नीट दिसतोस," आई म्हणाली. "लई वाळलास रं. रविवारी जर्मनीतनं जेवायला येऊन जा."