ओली बोटं

गोदाक्कानं पेल्यात बोटं बुडवली आणि दुकानातल्या आणखी एका स्मार्टफोनवर फिरवली. दुकानदार कळवळला, "मावशी, नव्या फोनला पाणी कशाला लावताय?"

"दिवसभर ओल्या फुलांचे गजरे ओवते मी. याच बोटांनी उचलता आला, तरच फोन माझ्या कामाचा."

पण एकालाही ओलं बोट कळेना. घरच्या फोनचीही तीच तऱ्हा. आईच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या वैजूचा फोन यायचा आणि वाजून वाजून बंद व्हायचा. आपण होऊन लेकीला लावायचा, तर गोदाक्काचा ताठा आड यायचा. उचलायला मात्र ती केव्हाची तयार होती.

शेवटी तिनं बटणांचा साधा फोन घेतला आणि गजऱ्यांच्या टोपलीशेजारी ठेवला. दिवाळी आली, गेली. वैजूचा फोन काही आला नाही. कंटाळली असावी बिचारी.

एका संध्याकाळी टोपली रिकामी झाल्यावर गोदाक्कानंच नंबर दाबला.

"आई?"

"अगं, हात ओले असायचे गं माझे. उचलताच यायचा नाही फोन."

वैजू म्हणाली, "रात्रीसुद्धा?"

गोदाक्कानं बोटांकडे पाहिलं. ती केव्हाच सुकली होती.