ओपल की क्लेटन?

सगळ्यात थोर गीतकार जोडी म्हणजे ओपल आणि क्लेटन हे नवरा-बायको, यावर नॅशव्हिलच्या बारमधल्या दोन म्हाताऱ्या गिटारवाल्यांचं एकदाचं एकमत झालं. पण गावच्या रिवाजाप्रमाणे कोणी किती लिहिलं ते न बघता प्रत्येक गाण्यावर दोघांचीही नावं, त्यामुळे खरं भांडण पुढेच पेटलं.

"गाणी क्लेटनचीच रे! ती नुसती शेजारी बसायची."

"मग ती सोडून गेल्यावर तुझ्या क्लेटनला एक ओळ तरी सुचली का?"

"ए पोरी, तूच सांग. दोघांत मोठं कोण?"

बिअर ओतणाऱ्या डार्लीनचा हात थबकला. "दोघंही," ती कशीबशी म्हणाली.

"असं नाही चालायचं. एकाचंच नाव घे."

ती नऊ वर्षांची असताना कोर्टात जजसाहेबही हेच म्हणाले होते, अगदी मायेनं. "आई की बाबा? एकाचंच नाव घे, बाळ."