गगनवीराचं कूळ

"कूळ सांग, न्हाईतर सोंग माघारी ने," सोंगांची ललकारी देणारे गहिनीनाथ तात्या म्हणाले, आणि वेशीतला डफ थांबला.

समोर श्रीमंत उभा होता. अंगाला चिकटलेली निळी बंडी, निळीच तुमान, पाठीवर तांबडं कापड. केडगावात मंडपवाल्याकडं कामाला असल्यामुळं कापडाची त्याला ददात नव्हती. गावच्या यात्रेत राम नाचून गेले, रावण नाचून गेले. चित्रकथेच्या पुस्तकातला उडता माणूस मात्र एकाहत्तर सालीच पहिल्यांदा वेशीत आला होता. गगनवीर त्याचं नाव. त्याला बघायला भर उन्हात बायका पदर ओढून उभ्या होत्या.

पारावर गोरक्षनाथ बसला होता. अंगाला शेंदूर, मांडीवर गदा, शेपूट नीट गुंडाळून बाजूला. तो श्रीमंताचा चुलतभाऊ. बाप वारल्यापासून यात्रेतला मारुती तोच, आणि शेवटचं सोंगही मारुतीचंच. शेवटच्या सोंगापुढं गावाचा नारळ फुटतो. यंदा पंचांनी नवंच काढलं. पाहुण्याचा मान म्हणून गगनवीर मारुतीच्या मागून नाचेल, मात्र त्यानं बाकीच्या सोंगांसारखं वेशीत आपलं कूळ सांगावं. आई कोण, बाप कोण, अंगात बळ कुठून आलं. रावणालासुद्धा ते चुकलेलं नाही.

तेव्हापासून गोरक्षनाथाला भाकर गोड लागेना. श्रीमंताला कुणी चहाला बोलावलं, कुणी हसून 'उडून दाखव की' म्हटलं, की मनात त्याची नोंद व्हायची. मारुतीच्या खात्यातलं एक माणूस वजा, गगनवीराच्या खात्यात जमा.

पण एक गोष्ट त्याच्या बाजूची होती. श्रीमंताकडं चित्रकथेचा दुसरा अंक होता. गगनवीर जिथं अवतरतो, तो पहिला अंक नगरच्या स्टँडवर केव्हाच संपला होता. त्यातला शेवटचा अंक गोरक्षनाथानं दिवाळीच्या सुमाराला कांदे घालायला गेला असताना घेतला होता. तो आता घरी कणगीत, बाजरीच्या तळाशी होता. संक्रांतीला श्रीमंत काकुळतीनं म्हणाला होता, "दादा, तुमी बाजाराला जाता. पयला अंक कुटं दिसला तर बगा की." "बगतो," गोरक्षनाथ म्हणाला. आणि शब्दाला जागून, रतनबाई पाण्याला गेली की तो कणगीत हात घालून बघत असे.

रतनबाई ही त्याची बायको. सकाळी त्याच्या पाठीला शेंदूर फासतानाही तिची तीच कुरकुर चालू होती. पेटीतलं लग्नातलं तांबडं लुगडं दिवाळीपासून सापडत नव्हतं.

"उंदरानं नेलं आसंल," तो म्हणाला होता.

"उंदराच्या घरी लगीन निगालंय का? आख्खं लुगडं नेतंय त्ये."

आता वेशीत तात्या खोळंबले होते. श्रीमंतानं घाम पुसला, पाराकडं पाहिलं आणि ठोकून दिलं, "बाप वायुदेव. मारुतीचा धाकटा भाऊ हाय ह्यो."

गर्दी हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी पाराकडं तोंड केलं. "मारुतीराया, भाऊ म्हनतोय तुमचा. हाय का?"

"न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला.

झालं. नारळ वाचला, मान वाचला. डफवाल्यानं डफ काखेत मारला. गर्दीतली छबूबाई मोठ्यांदा म्हणाली, "आरं जा बाबा, कापडं बदल, बघवत न्हाई." श्रीमंत मान खाली घालून वळला. ह्याच घडीसाठी गोरक्षनाथानं उन्हाळा काढला होता. त्यानं गप्प बसायला हवं होतं.

पण जाता जाता श्रीमंत पुटपुटला, "मग आला आसंल कुटल्या तरी डोंगरातून."

"डोंगरातून कशाला यील?" पारावरून आवाज आला. "समुद्रातनं आला त्यो."

सगळ्या माना वळल्या. गोरक्षनाथ उभा राहिला होता. शेपूट सुटलेलं त्याच्या ध्यानात नव्हतं.

"दिव्याच्या मनोऱ्यावर रखवालदार हुता. वादळात त्याला होडीत मूल घावलं. मुठीत वीज. मूठ उघडली तवा आख्खा मनोरा पेटला, पन पोराला चटका न्हाई. आई न्हाई, बाप न्हाई. रखवालदाराच्या बायकोनं वाढवलं. डोंगर म्हनं."

तात्यांनी एवढंच धरलं. छाती भरून त्यांनी ललकारी दिली, "सागराचा लेक, विजेचा धनी, मनोऱ्यावरच्या माउलीनं वाढवलेला..." डफ वाजायला लागला. श्रीमंत जागच्या जागी ताठ झाला. पोरं ओरडली. मारुतीचा नारळ हातचा गेला होता, आणि घालवणारा पारावर अजून बोलतच होता.

"आन त्ये पाठीवरचं काडून टाक आदी. मंडपाचं कापड न्हाई त्ये. त्या माउलीनं आपल्या लग्नाचं तांबडं लुगडं कापून दिलंय त्याला. काठ खाली ठिवायचा, म्हंजी वाऱ्यावर भार राहतो. बंद गळ्याशी न्हाई बांधायचे, काखेतनं घ्यायचे. न्हाईतर पळताना गळ्याला फास बसतोय."

श्रीमंत तोंडाकडं बघत राहिला. "दादा, ह्ये फासाचं अंकात लिवलंय?"

गोरक्षनाथ एकदम थांबला. शेंदरात होता म्हणून तोंडाचा रंग कुणाला कळला नाही.

बायकांच्या गर्दीतून रतनबाई वाट काढत पुढं आली. पारापाशी थांबून तिनं कमरेवर हात ठेवला आणि नवऱ्याला शेपटापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "उंदीर बांदाबांदानं पळून बी बघत हुता."