आठ आठवड्यांचा पाव

“गहू दिला होता की नव्हता, एवढंच सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सून पर्सची चेन उघडझाप करत होती. शेजारच्या खुर्चीत सासू स्वतःच्या चपलांकडे बघत होती. चार वर्षांची ठमी कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर चढत होती, उतरत होती, आणि काट्याचा खडखडाट ऐकून खूश होत होती.

रक्ताचा रिपोर्ट टेबलावर पडला होता. स्वच्छ. पण गहू बंद असताना तो स्वच्छच येणार, असल्या कागदाचा उपयोग शून्य, हे बाईंनी दोनदा समजावलं. गव्हाने आतडं बिघडतं का हे बघायचं, तर आधी गहू पोटात जायला हवा. रोज, निदान सहा आठवडे. मागच्या वर्षी त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि सुनेने साफ नकार दिला होता. जे खाऊन पोर मरायला टेकली, तेच माझ्या हाताने भरवू?

मरायला टेकली हे सासूला मान्य नव्हतं. ठमी दोन वर्षांची असताना तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, सारखे जुलाब व्हायचे, वजन हलत नव्हतं, एवढं खरं. पहिल्या तपासणीतला आकडा ना धड हो म्हणणारा होता, ना धड नाही. पुढची तपासणी होईपर्यंत खाणं बदलू नका, असं बाईंनी बजावलं होतं. सुनेने त्याच संध्याकाळी गहू बंद केला. त्याच आठवड्यात जंताचं औषधही दिलं. तीन महिन्यांत पोर टुणटुणीत झाली. आता गुण कशाचा, हे कोण सांगणार? सून म्हणायची, गहू सोडल्याचा. सासू म्हणायची, जंत पडले औषधाने आणि हारतुरे तांदळाच्या पिठाला.

त्यात सासूची बेकरी. नवऱ्यामागे तीस वर्षं तिने भट्टी चालवली, मैदा मळून मुलाला शिकवलं, आणि त्याच मुलाच्या घरात आता मैद्याला विष म्हणत होते. मुलगा आईला भेटून आला की सून त्याला दाराबाहेरच शर्ट बदलायला लावायची. अडकित्त्यातल्या सुपारीसारखी त्याची गत, आणि सुपारीइतकाच तो बोलायचा. सुनेने एकदा तांदळाचा पाव भाजला. सासूने तो टेबलावर आपटून बघितला आणि याने भिंत चांगली बांधता येईल म्हणाली. त्या दिवसापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

नोकरीमुळे ठमीला आजीकडे सोडणं भाग होतं. पहिल्याच दिवशी, गिऱ्हाइकांसमोर, सुनेने ताकीद दिली होती.

“गव्हाचा कण जरी दिलात, तर ही पोर तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.”

सासूने बरेच महिने पाळलं. मग एका वाढदिवसाला तिने बघितलं, सगळी पोरं केकभोवती आणि ठमी भिंतीशी, मांडीवर स्वतःचा डबा घेऊन. ती मागतही नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सासूने तिला पावाचा जाडजूड तुकडा लोणी लावून दिला, तोंड पुसलं, हात धुतले, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. मग रोज देत गेली. रोज पोट चाचपून बघायची. धाकधूक तिलाही होती, पण ती कबूल करणाऱ्यातली नव्हती. पोट फुगलं नाही. त्यातच सुनेचं ऑफिसातलं काम वाढलं आणि ठमी सुट्टीच्या दिवशीही येऊ लागली. आपण जिंकत चाललो आहोत, असं सासूला वाटू लागलं.

आणि आज सून सासूलाही डॉक्टरकडे घेऊन आली. का, ते विचारल्यावर म्हणाली, चला म्हणते तर चला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उचलून बाजूला ठेवला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, त्या म्हणाल्या.

सासूच्या लक्षात आलं. ती गप्प बसली तर हा कागद रद्दी, आणि ठमी जन्मभर भिंतीशी डबा घेऊन. बोलली तर ठमी तिची राहणार नाही. तिला सुनेचा भयंकर राग आला. स्वतःचा त्याहून जास्त.

“खाते ती गहू,” ती म्हणाली. “माझ्याकडे. रोज.”

बाईंनी पेन उघडलं. किती, कधीपासून, एखादा दिवस चुकला का, सगळं विचारलं. पावाचे दोन जाड तुकडे, वर बिस्किटं, आठ आठवडे झाले, खाडा एकही नाही. बाईंनी रिपोर्ट परत पुढ्यात ओढला. मग हा धरता येईल, म्हणाल्या. शंभर टक्के कुणीच सांगत नसतं, वर्षाने पुन्हा बघू, पण आज तरी पोरीला काही झालेलं दिसत नाही. खाऊ द्या तिला.

सुनेने रिपोर्ट पर्समध्ये घातला. बाहेर जिन्यात सासूने ठमीचा हात घट्ट धरला. मिळेल तेवढा वेळ धरून घ्यावा, असा.

“बोल, काय बोलायचं ते,” ती म्हणाली.

“मला माहीत होतं,” सून म्हणाली.

फ्रॉकच्या खिशात पावाचा चुरा सापडला होता, दोन महिन्यांपूर्वी. भांडायला म्हणून ती चपला घालून निघालीही होती. दारातच थांबली आणि तिने बाईंनी सांगितलेले सहा आठवडे मोजले. ऑफिसात काम वाढलंच नव्हतं. तो घास स्वतःच्या हाताने भरवणं तिला मेली तरी जमलं नसतं. म्हणून ती पोर पाठवत राहिली, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

सासू मधल्याच पायरीवर थांबली.

“आणि हिला काही झालं असतं तर?”

सुनेने ठमीचा हात तिच्या हातातून सोडवून घेतला.

“मग खापर फोडायला तुम्ही होतातच, आई.”